संगमापासून शेवाळी रानापर्यंत : क्वालालंपूर आणि कॅमेरॉन हायलँड्स

मलेशियाच्या छोट्या सहलीचा बेत ठरवताना बहुतेक जण राजधानीतील जुळे मनोरे, बातू केव्ह्ज या गुहा, गेंटिंग या थंड हवेच्या ठिकाणचा रोपवे आणि खरेदीसाठी एक मोकळी संध्याकाळ अशी आखणी करतात. आम्ही दोघींनी, म्हणजे आईने आणि मी, गेंटिंग वगळून तो वेळ कॅमेरॉन हायलँड्सला दिला आणि हा निर्णय योग्य होता असे मला आजही ठामपणे वाटते. आई निवृत्त भूगोल शिक्षिका आहे. नकाशा पसरून तिने आधीच सांगितले होते की ही दोन वेगवेगळी ठिकाणे नाहीत. मलाय द्वीपकल्पाच्या कण्यासारखी उत्तर-दक्षिण पसरलेली तितिवांग्सा पर्वतरांग ग्रॅनाइटची आहे. या ग्रॅनाइटमधील कथिलाचे खनिज लाखो वर्षे झिजून नद्यांबरोबर खाली आले, पायथ्याच्या चुनखडकाच्या खोलगटांत वाळू-रेतीबरोबर साचले आणि त्या साठ्याच्या ओढीने आलेल्या माणसांनी क्वालालंपूर वसवले. म्हणून शहर आधी पाहायचे, मग ज्या डोंगरांनी ते घडवले त्यांच्यावर चढायचे, असा क्रम आम्ही ठरवला.

विमानतळ शहरापासून ५७ किलोमीटर दूर आहे, पण केएलआयए एक्स्प्रेस ही रेल्वे २८ मिनिटांत केएल सेंट्रल स्थानकात पोहोचवते. भारतीय पारपत्रधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा माफ करण्यात आला. मात्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. परदेशी पर्यटकाला हॉटेलमध्ये प्रत्येक खोलीमागे दर रात्री १० रिंगिट (मलेशियाचे चलन) पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो, हेही हिशेबात धरलेले बरे. शहरात फिरण्यासाठी एलआरटी, एमआरटी या मेट्रो गाड्या आणि मोनोरेल या तिन्हींवर टच अँड गो कार्ड चालते. स्थानके स्वच्छ आणि पाट्या स्पष्ट असल्याने वयस्कर माणसाबरोबर फिरतानाही टॅक्सीची फारशी गरज पडत नाही.

सुरुवात मनोऱ्यांपासून न करता मस्जिद जामेक स्थानकापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. गोम्बाक आणि क्लांग या नद्यांचा संगम इथे आहे आणि शहराचा जन्मही इथलाच. १८५७ मध्ये राजा अब्दुल्ला या सेलांगोरच्या राजघराण्यातील सरदाराने कथिलाच्या शोधात ८७ चिनी खाणकामगारांना क्लांग नदीतून वर पाठवले. संगमाच्या पुढे होड्या जाईनात, म्हणून सामान इथेच उतरवून ती माणसे रानातून चालत आम्पांगच्या दिशेने गेली. पहिल्याच महिन्यात मलेरियाने त्यांच्यातील बहुसंख्य दगावले आणि अवघे १८ जण उरले असे सांगितले जाते. तरीही नवी माणसे येत राहिली, कारण कथिलाला जगभर मागणी होती. जिथे माल उतरवावा लागत होता तिथे दुकाने उभी राहिली आणि त्या दुकानांचे गाव झाले. आज संगमाच्या दोन्ही काठांना काँक्रीटचे बंदिस्त रूप आहे, नद्या रुंदीने अगदी बेताच्या आहेत, आणि म्हणूनच एवढ्या लहान पाण्यावर एवढे मोठे शहर कसे उभे राहिले हे तिथे उभे राहून समजून घेणे मला फार मोलाचे वाटले.

दोन नद्यांच्या बेचक्यात मस्जिद जामेक आहे. आर्थर बेनिसन हबॅक या वास्तुरचनाकाराची ही कृती १९०९ मध्ये खुली झाली. लाल विटा आणि पांढऱ्या गिलाव्याचे पट्टे, कांद्याच्या आकाराचे घुमट आणि सभोवती नारळाची झाडे असलेली ही मशीद १९६५ मध्ये राष्ट्रीय मशीद बांधून होईपर्यंत शहराची मुख्य मशीद होती. नमाजाच्या वेळा सोडून इतर धर्मीयांनाही आत जाता येते आणि अंग झाकणारा झगा दारातच मिळतो. नदी ओलांडली की सुलतान अब्दुल समद इमारत लागते. १८९७ मध्ये पूर्ण झालेली, घड्याळाचा मनोरा आणि तांब्याचे घुमट असलेली ही वास्तू ब्रिटिशांनी आपल्या कचेऱ्यांसाठी बांधली. समोरच्या हिरवळीवर इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळत, आणि त्याच मैदानावर ३० आणि ३१ ऑगस्ट १९५७ यांच्या मधल्या मध्यरात्री युनियन जॅक उतरवून मलायाचा (देशाचे तेव्हाचे नाव) झेंडा चढवण्यात आला. ३१ तारखेच्या सकाळी मर्डेका स्टेडियमवर पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी सात वेळा ‘मर्डेका’ म्हणजे ‘स्वातंत्र्य’ असा घोष केला. मैदानावरील ध्वजस्तंभ ९५ मीटर उंच आहे. स्टेडियमशेजारी आता ६७८.९ मीटर उंचीची मर्डेका ११८ ही इमारत उभी आहे आणि मैदानातून मान वर केली की जुने आणि नवे शहर एकाच चौकटीत दिसते.

पायी हिंडण्याजोगा भाग इथून पुढे सुरू होतो. १८८१ मध्ये आधी आगीने आणि मग पुराने लाकूड-गवताचे जुने गाव उद्ध्वस्त केले. त्यानंतर फ्रँक स्वेटनहॅम या ब्रिटिश रेसिडेंटने घरे विटा आणि कौलांचीच असावीत असा दंडक घातला. विटांच्या भट्ट्या जिथे लागल्या तो भाग आजचे ब्रिकफील्ड्स होय. पुढे रेल्वेत काम करणारे तमिळ आणि सिलोनी लोक तिथे राहू लागले. आज त्याला लिटल इंडिया म्हणतात आणि केळीच्या पानावर वाढलेला भात, सांबार आणि चार भाज्या असे पोटभर शाकाहारी जेवण तिथे सहज मिळते. शाकाहारी प्रवाशांनी एवढे ध्यानात ठेवावे की मलेशियातील सांबाल या तिखट चटणीत बहुधा सुकवलेल्या कोळंबीचा लगदा असतो आणि नासी लेमाक या नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताबरोबर सुक्या मासळीचे तळलेले तुकडे येतात. रोटी चनाय ही पदर सुटलेली रोटी आणि तेह तारिक हा फेसाळ दुधाचा चहा मात्र कुठल्याही टपरीवर मिळतात. रोटीबरोबरची डाळ निव्वळ शाकाहारी आहे का एवढे विचारून घ्यावे.

चायनाटाउनमधील श्री महामारिअम्मन मंदिर पाहताना कथिलाचा धागा पुन्हा हाती लागतो. १८७३ मध्ये हे मंदिर स्थापन करणारे के. थंबुसामी पिल्लै हे तमिळ समाजाचे पुढारी होते आणि कथिलाच्या खाणींच्या धंद्यातही होते. बातू केव्ह्जमध्ये मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, स्थापना करण्यातही त्यांचाच पुढाकार होता आणि त्याच्या तैपूसम या उत्सवात याच मंदिरातून रथ निघून तिकडे जातो. जवळच १८६४ सालचे सिन झे सी या हे चिनी मंदिर आहे. त्याची उभारणी याप आह लॉय या चिनी पुढाऱ्याशी जोडलेली आहे. धूप जाळून काळवंडलेल्या तुळयांचे ते छोटे देऊळ, पेतालिंग स्ट्रीटवरच्या नकली घड्याळांच्या दुकानांपेक्षा कितीतरी जास्त वेळ देण्यासारखे आहे.

पेट्रोनास मनोऱ्यांबद्दल सगळ्यांनी इतके लिहिले आहे की मी थोडक्यातच आटोपते. सीझर पेली यांनी रचलेले, ४५२ मीटर उंचीचे आणि ८८ मजल्यांचे हे मनोरे १९९८ ते २००४ या काळात जगातील सर्वांत उंच इमारती म्हणून गणले जात. एकावर एक तिरके ठेवलेले दोन चौरस आणि त्यांच्या खाचांत बसवलेल्या कमानी अशी इस्लामी भूमितीतली आकृती त्यांच्या तळाच्या आराखड्यात आहे. तिकिटाची वेळ ठरवून घ्यावी लागते, सोमवारी प्रवेश बंद असतो, आणि आधी ४१ व्या मजल्यावरचा पूल व नंतर ८६ व्या मजल्यावरचा सज्जा असा फेरा असतो. आईला मात्र वरच्या दृश्याहून जमिनीखालच्या गोष्टीत अधिक रस होता. मूळ जागा खोदून पाहिल्यावर तिच्या एका भागाखाली पोकळ्या असलेला झिजका चुनखडक आणि दुसऱ्या भागाखाली मऊ माती निघाली. तेव्हा अभियंत्यांनी मनोऱ्यांची जागा सुमारे ६० मीटर सरकवली आणि शंभर मीटरहून अधिक खोल जाणारे खांब रोवून त्यांवर जाड काँक्रीटचा पाया घातला. कथील ज्या चुनखडकाच्या खळग्यांत साचले त्याच खडकाने पुढे मनोऱ्यांची जागा ठरवली, हे कळल्यावर त्या इमारतीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

संगमावरच्या पुराचा प्रश्न शहराने आजही पूर्णपणे सोडवलेला नाही, पण त्यावर काढलेला एक मार्ग मला विलक्षण वाटतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या ९.७ किलोमीटर लांबीच्या स्मार्ट बोगद्याच्या मधल्या भागात एरवी मोटारी धावतात आणि मोठा पाऊस आला की वाहने बाहेर काढून पुराचे पाणी शहराच्या मध्यभागाला वळसा घालून नेले जाते. पर्यटकाला तिथे पाहण्यासारखे काही नसले तरी त्यातून जाण्याची वेळ आली तर आपण कुठून चाललो आहोत हे ठाऊक असावे.

बातू केव्ह्ज शहराच्या उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर आहेत आणि केटीएम कोम्युटर ही लोकल थेट पायथ्याशी जाते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकाचा तो डोंगर सपाटीवरून एकदम उभा राहिलेला आहे. त्याच्या पुढ्यात २००६ मध्ये उभारलेली मुरुगनची ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती आहे आणि बाजूने २७२ पायऱ्या वर गुहेत जातात. २०१८ मध्ये या पायऱ्या विविध रंगांनी रंगवल्या गेल्या. त्यावर तेव्हा वाद झाला, पण मला त्या रंगांचा दिमाख आवडला. गुडघे झाकतील असे कपडे आवश्यक आहेत आणि हातातले खाणे पिशवीत ठेवणे इष्ट, कारण माकडे अतिशय धीट आहेत. ऊन चढण्याआधी, सकाळी आठच्या सुमारास पोहोचणे सर्वांत चांगले. वरची गुहा आत गेल्यावर छताकडे खुली होते, उजेडाचा झोत थेट मंदिरावर पडतो आणि खडकातून झिरपणारे पाणी सतत ठिबकत असते. आईला एवढ्या पायऱ्या चढणे शक्य नव्हते. तिने खालच्याच पातळीवरची रामायण गुहा पाहिली. तिच्या दारात हनुमानाची भव्य मूर्ती आणि आत निद्रिस्त कुंभकर्णासह अनेक प्रसंग उभे केलेले आहेत. मी खाली उतरले तेव्हा ती तिथल्या फुलवाल्या बाईंशी मोडक्या तमिळमध्ये बोलत होती आणि त्या बाई तिला ‘अम्मा’ म्हणत होत्या.

कॅमेरॉन हायलँड्सला जाण्यासाठी टीबीएस या दक्षिणेकडील बस स्थानकावरून थेट बस मिळते आणि प्रवासाला चार ते पाच तास लागतात. तापाह येथे महामार्ग सोडला की वळणांचा घाट सुरू होतो. वाटेत लाता इस्कंदर धबधबा लागतो, तसेच ओरांग अस्ली या मूळनिवासी लोकांच्या टपऱ्या लागतात, जिथे पेताईच्या शेंगा, रानातला मध आणि हंगामात डुरियन हे उग्र वासाचे काटेरी फळ विकायला असते. गाडी लागत असलेल्यांनी पोटात फार काही नसताना बसावे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते हे आई वर्गात शिकवत असे, आणि तानाह राताला उतरल्यावर तिने शाल अंगावर घेत समाधानाने तो नियम मला पुन्हा ऐकवला.

हा प्रदेश पाहांग राज्यात आहे. १८८५ मध्ये विल्यम कॅमेरॉन या ब्रिटिश सर्वेक्षकाने त्याची नोंद केली, पण वस्ती वाढली ती १९३०च्या दशकात, घाटरस्ता झाल्यावर. रिंगलेट, तानाह राता आणि ब्रिंचांग ही त्यातील मुख्य गावे आहेत. दिवसा २५ आणि रात्री १५ अंशांच्या आसपास तापमान राहते. मुक्काम तानाह राताला करावा. ब्रिंचांगमध्ये रात्रीचा बाजार असला तरी शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत त्या एकाच रस्त्यावर वाहनांची रांग लागते, त्यामुळे आठवड्याच्या मधले दिवस निवडणे फार श्रेयस्कर आहे.

जॉन आर्चिबाल्ड रसेल यांनी १९२९ मध्ये सुरू केलेल्या बोह कंपनीच्या मळ्यांनी इथले डोंगर गालिचा अंथरावा तसे मढवले आहेत. सुंगाई पालास येथील चहाघराचा सज्जा दरीवर पुढे आलेला आहे. तिथे बसून चहा पिणे हा सर्वांच्या आवडीचा कार्यक्रम, आणि तो तसा असायलाच हवा. पण मी त्याआधी कारखाना पाहण्याचे सुचवेन. पाने सुकवणे, वळणे, आंबवणे, भट्टीत वाळवणे आणि चाळून प्रत लावणे हा क्रम तिथे काचेपलीकडे पाहता येतो आणि आंबवण्याच्या दालनाबाहेर येणारा ओलसर गोडसर वास विसरता येत नाही. विषुववृत्ताजवळ हिवाळा नसल्याने इथे वर्षभर, साधारण दर तीन आठवड्यांनी तोडणी होते. सौम्य उतारांवर दोन माणसे यंत्र दोन बाजूंनी धरून ओळीवरून चालतात आणि तीव्र उतारांवर कातरीने पाला कापला जातो. मळा लावण्याचे कष्ट मुख्यतः तमिळ मजुरांनी उपसले. आज त्यांची जागा बऱ्याच प्रमाणात बांगलादेश, नेपाळ आणि इंडोनेशियातून आलेल्या कामगारांनी घेतली आहे. दरीचे छायाचित्र काढताना त्या ओळींत वाकलेली माणसे चौकटीबाहेर ठेवण्याची जी सवय आपल्याला लागली आहे ती सोडली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

ज्यासाठी मी इथे पुन्हा येईन ते मात्र मळ्यांच्या वर आहे. गुनुंग ब्रिंचांगच्या माथ्याजवळ, सुमारे २००० मीटर उंचीवर, ढगांच्या पट्ट्यात शेवाळी रान आहे. लाकडी पायवाट मधूनमधून बंद ठेवली जाते, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करावी आणि शक्यतो स्थानिक वाटाड्यासह जीपने जावे, कारण वरचा रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे. तिथे झाडे वाऱ्याने आणि पातळ मातीने खुजी राहिलेली आहेत. त्यांच्या प्रत्येक फांदीवर शेवाळाचा जाड थर आहे, त्या थरावर नेचे आणि ऑर्किड रुजले आहेत, आणि अशा आम्लधर्मी, पोषणाची चणचण असलेल्या जमिनीत घटपर्णी आपल्या पानांच्या सुरयांत किडे पकडून गरज भागवते. शेवाळ ढगातले पाणी टिपून धरते आणि हळूहळू खाली सोडते, म्हणून पाऊस नसतानाही ओढे वाहत राहतात. आमचा वाटाड्या पायवाट सोडून एक पाऊलही टाकू देत नव्हता. तुडवलेले शेवाळ पुन्हा वाढायला किती वर्षे लागतात हे त्याने सांगितल्यावर आमच्यातील कुणालाच त्याचा आग्रह जाचक वाटला नाही. याच डोंगरांत २६ मार्च १९६७ रोजी बँकॉकचे अमेरिकन रेशीम व्यापारी जिम थॉम्पसन फिरायला म्हणून बंगल्यातून बाहेर पडले आणि मोठा शोध घेऊनही पुन्हा सापडले नाहीत. रानाची दाटी पाहिल्यावर ते अशक्य वाटत नाही.

स्ट्रॉबेरीच्या शेतांना मी फार वेळ देणार नाही. फळे वर्षभर मिळतात, मुलांना तोडायला मजा येते, एवढे पुरे. त्याच शेतांकडे जाताना डोंगरउतारांवर पसरलेली प्लास्टिकची छपरे मात्र नीट पाहावीत. भाजी आणि फुलांच्या शेतीसाठी उतार उघडे झाले, माती सुटली आणि ती रिंगलेटच्या जलाशयात जाऊन बसली. जलविद्युत प्रकल्पासाठी १९६०च्या दशकात बर्ताम नदीवर बांधलेल्या सुलतान अबू बकर धरणाचा हा जलाशय गाळाने भरत चालला आहे आणि त्यातून सतत गाळ उपसावा लागतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये अतिवृष्टीत धरणातून पाणी सोडावे लागले तेव्हा खालच्या बर्ताम खोऱ्यात चिखलाचा पूर आला आणि त्यात बळी गेले. शेवाळी रान वर पाणी धरून ठेवत आहे आणि उघडे उतार खाली माती सोडत आहेत, हे दोन्ही एकाच दिवशी पाहिल्यावर रानाच्या प्रवेशावर निर्बंध का असावेत याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

परतताना आलेल्या वाटेने जाण्याऐवजी सिंपांग पुलाईच्या रस्त्याने इपोहला उतरावे. हा रस्ता रुंद आहे, वळणे सौम्य आहेत आणि खाली किंता खोऱ्यात पुन्हा चुनखडकाचे उभे डोंगर दिसू लागतात. एके काळी जगातील सर्वांत समृद्ध कथिलाच्या खोऱ्यांत याची गणना होत असे. खाणींच्या खड्ड्यांचे आज तलाव झाले आहेत. बातू गाजाहजवळ १९३८ सालचे एक प्रचंड तरंगते खाणयंत्र जपून ठेवलेले आहे. इपोहचे रेल्वे स्थानकही हबॅक यांचेच आहे. जुन्या भागात साखर घातलेल्या दाट दुधाची व्हाइट कॉफी घेऊन ईटीएस या जलद रेल्वेगाडीने क्वालालंपूरला जायला साधारण अडीच तास लागतात. ही गाडी सुट्ट्यांच्या काळात लवकर भरते, तेव्हा तिचे तिकीट निघण्याच्या बरेच आधी ऑनलाइन काढून ठेवावे आणि इपोहसाठी निदान अर्धा दिवस हाताशी राहील अशा बेताने कॅमेरॉनहून सकाळीच निघावे.